बोडक्या डोक्याची भाऊबीज

हॅम्बर्गमध्ये म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणारी ल्युदमिला सार्वमताच्या दिवशी ठेवणीतला कोट घालून रांगेत उभी राहिली. आपल्या मोल्दोव्हाने युरोपीय संघात जावं, असं मत देऊन आली आणि भावाला कौतुकाने सांगून बसली. गावाकडे द्राक्षं पिकवणारा व्हासिले भडकला. "स्वतः गेलीस ती गेलीस, आता देशही विकायला काढलास!" त्याने बोलणंच टाकलं. होकार अगदी निसटत्या फरकाने जिंकला, तसा त्याचा राग आणखी चढला.

भाऊबिजेला शेजारच्या संध्याने पुण्यातल्या भावाला व्हिडिओ कॉलवर ओवाळलं. ते बघताना ल्युदमिलाचे डोळे भरून आले.

"अगं, तूही लाव की फोन," संध्या म्हणाली. "ओवाळताना मत कुणी विचारत नाही."

व्हासिलेने फोन उचलला. बहीण निरांजन फिरवतेय हे बघून तो गांगरला. "आग लावायची तेवढी बाकी होती!" असं पुटपुटला, पण चर्चमध्ये काढतात तशी टोपी काढून त्याने मान खाली घातली.

"टोपी घालायला सांग त्याला," संध्या कुजबुजली. "बोडक्या डोक्याने ओवाळून घेत नाहीत."

"असू दे गं. आमच्यात दिव्यापुढे असंच उभं राहतात," ल्युदमिला म्हणाली. "केस किती पांढरे झालेत बघ त्याचे."