मागची गाडी

काल लेकाच्या नव्या सायकलीपुढे नारळ फोडला. पाणी उन्हाने तापलेल्या जांभ्याच्या पायरीवर सांडलं, त्याचा गोडसर वास आला आणि माझी मान आपोआप खाली गेली.

कॉलेजात असतानाची ती माझी पहिलीच सायकल शर्यत होती, रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाऊन परत. परतीच्या चढावर पायात गोळे आले, सगळे पुढे निघून गेले आणि दमलेल्यांना उचलून नेणारी आयोजकांची जीप माझ्या मागे घुरघुरत राहिली. चढ संपतो तिथेच आमची वाडी. सगळी वाडी रस्त्यावर उभी होती, पुढे बापूकाका, हातात नारळ.

"एवढे गेले, कोणाच्या पाठी गाडी नव्हती," काका सगळ्यांना सांगत होते. "आमच्या सुमीच्या पाठी लावलीनी!"

मी खरं सांगायला तोंड उघडलं, तोवर काकांनी चाकापुढे नारळ फोडून गाऱ्हाणं सुरूही केलं. "बा देवा म्हाराजा, आज आमच्या पोरीन वाडीचा नाव काढलान, तिला अशीच सगळ्यांच्या पुढं ठेव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" वाडी गरजली. जीपचा ड्रायव्हरही चपला काढून, हात जोडून त्यांच्यात उभा होता.

खोबऱ्याचा तुकडा मुठीत धरून मी निघाले. वळणापलीकडे वाडी दिसेनाशी झाली, तशी उतरले आणि सायकल जीपमध्ये चढवली. सायकल ढकलत रत्नागिरीपर्यंत चालत गेले असते तरी चाललं असतं, हे आज कळतं. ड्रायव्हरने गाडी सुरू केली. थोडं पुढे गेल्यावर त्याने स्टिअरिंगवरचा एक हात माझ्यापुढे केला.

"प्रसाद द्या ना थोडा."