काकणांचा हात

आईचं मला एकच आठवतं. मुळगावच्या व्हाळात, ऐन मार्गशीर्षात, ती माझे पाय धुते आहे. पाणी लालभडक, मी कुडकुडते आहे, आणि तिच्या हातातली हिरवी काकणं माझ्या घोट्याला गार लागतायत. मी चार वर्षांची असताना ती गेली. एवढ्याशा आठवणीवर मी पुढची सगळी वर्षं काढली.

कोणी म्हणालं, "तुला कुठली आई आठवायला," की मी चवताळायचे आणि व्हाळ सांगायचे. पाण्याचा रंग, थंडी, काकणं. इतकं बारीक ऐकल्यावर खोटं म्हणायची कोणाची टाप नव्हती.

गोव्याचं राज्य झालं त्या वर्षी मी डिचोलीच्या एका शाळेत शिकवत होते. रविवारी घरी आले, आणि मला वाढवणाऱ्या मावशीबरोबर अळसांद्याच्या शेंगा सोलता सोलता तेच पुन्हा सांगितलं. मावशीने मान वर केली नाही.

"तांबडा पाणी? तुझी आवय गेली तेव्हा लोखंडाची खाण खंय होती गो? थंडीत व्हाळ आरशासारखो असायचो. खाण मागीर इली, तू शाळेत जाऊक लागल्यावर, तेव्हा पाणी तांबडा झाला."

"मग माझे पाय कोणी धुतले?"

"मियाच धुतले असतले. तू रोज व्हाळात जाऊन बसायचंस."

मावशी लग्नानंतर वर्षभरातच विधवा झालेली. तिची मनगटं मी कायम उघडीच पाहिली. काकणं होती ती भिंतीवरच्या फोटोतल्या आईच्या हातात. तो फोटोही काळा-पांढरा. म्हणजे हिरवा रंगसुद्धा माझाच.

मी रडले नाही. कोणासाठी रडायचं, तेच कळेना.

घडलेलं कुठलं आणि मनातलं कुठलं हे मेंदूला म्हणे कळतं. घडलेल्याला रंग असतो, वास असतो, स्पर्श असतो, त्यावरून तो ओळखतो. डोंबल ओळखतो! माझा मेंदू दर सांगण्यागणिक थोडा रंग चढवत गेला, आणि शेवटी त्याच रंगाला पुरावा मानून बसला.

आता मावशीही नाही. अजून कधी कधी मी तो व्हाळ डोळ्यांपुढे आणते. पाण्यातला लाल काढून टाकते, हातातली काकणं उतरवते. मावशीचा ओला, उघडा हात तेवढा माझ्या घोट्यावर राहतो. आईचं काहीच राहत नाही.