भाऊंचा हातगुण

पस्तीस वर्षं भाऊंनी दवाखान्यात ऑपरेशनची हत्यारं उकळली. निवृत्त झाल्यावर ते गल्लीतल्या टोमॅटोंचे डॉक्टर झाले. एखाद्या हिरव्यागार रोपाने दुपारच्या दुपारी मान टाकली, की भाऊंना बोलावणं यायचं. ते खिशातल्या कात्रीने खोड कापायचे आणि तुकडा पाण्याच्या ग्लासात धरायचे. त्यातून दुधासारखा पांढरा धागा पाण्यात उतरला, की निकाल सांगायचे, "जिवाणूंचा मर रोग. औषध नाही. मुळासकट उपटा." मग कात्री पँटीला पुसून शेजारच्या धडधाकट रोपांच्या फांद्याही जाता जाता छाटून द्यायचे, तेही फुकट.

निदान एकदाही चुकलं नाही. महिन्याभरात नऊ घरांचे टोमॅटो आडवे झाले आणि भाऊंचा भाव आणखी वधारला.

"आपल्याच कुंड्या तेवढ्या वाचल्या," एका सकाळी ते बायकोला ऐटीत म्हणाले. "हातगुण लागतो!"

"तो मी लागू दिला नाही, म्हणून वाचल्या," ती म्हणाली. "दवाखान्यात साधा चिमटा न उकळता पुढे केला नाहीत. ही कात्री कधी उकळलीत?"

भाऊंनी गॅसवर पातेलं चढवलं. तेवढ्यात दारातून दहाव्या घराची हाक आली, "भाऊ, जरा कात्री घेऊन येता का?"