चुलीवरची चार कौलं

निघायच्या सकाळी दापोलीची एसटी फाट्यावर येऊन उभी राहिली, तरी मी स्वयंपाकघरातच होतो. मला न्यायला आलेली माझी मुलगी सुनंदा बॅग घेऊन पुढं गेली होती. बायकोला जाऊन तेव्हा सव्वा महिना झालेला. ती चुलीतला विस्तव कधी मरू द्यायची नाही, रोज राखेखाली झाकायची. ती गेल्यावर मीही तसंच करत होतो. धाकट्या भावाची, गणूची बायको शेवंता दारात येऊन म्हणाली, "भावजी, पाणी मारते आता त्याच्यावर. बंद घरात विस्तव ठेवून कसा चालेल?" बरोबरच बोलली. मी बाहेर पडलो. मागं चर्र झालेलं ऐकलं. वळून बघितलं नाही.

गणू, शेवंता, हे तुम्हाला लिहितोय. मुंबईला गेलेल्या आपल्या वाडीतल्यांनाही वाचून दाखवा. माझी शाळा चौथीपर्यंत, चुका काढत बसू नका.

इथं हिमाचलात बाहेर ठेवलेल्या बादलीतलं पाणी सकाळी दगड झालेलं असतं. सुनंदा दापोलीला शेतकी शिकली, आता इथं सफरचंदाच्या बागेत नोकरी करते. जावई इथलाच. माणूस चांगला आहे, पण माझं हिंदी आणि त्याचं मराठी, दोन्ही चहापुरतं. प्रत्येक घरात लोखंडाची बंद शेगडी असते, तिला तंदूर म्हणतात. लाकडं घालायची, दार लावायचं, धूर नळीतून छपराबाहेर जातो आणि खोली ऊब धरते. दिवसभर मी तिच्याजवळ बसतो. दुसरं काम नाही. आपल्याकडं एवढ्या वेळात आंब्याच्या कलमांना आळी करून झाली असती.

सुनंदाकडचा तंदूर जुना होता. दार वाकलेलं, सांध्यातून धूर यायचा. थंडी वाढली तशी ती खोकायला लागली. भांडी घासताना एक हात ओट्यावर टेकून, मान खाली घालून खोकायची. तो खोकला मी ओळखला. वीस वर्षं शेजारच्या खोलीतून ऐकला होता.

तुम्हाला ठाऊक आहे ते, पण आता मीच सांगतो. माझी बायको म्हणायची, "अवो, चुलीवरची चार कौलां काढून नळकांडा बसवा. चार कौलांचा तर काम हाय." मी म्हणायचो, "आणि वासे भुंग्याला घालू?" धुरानं वासे काळे होतात, त्यांना कीड लागत नाही, हे माझ्या बापानं सांगितलेलं. काकडी-भोपळ्याचं बियाणंही आपण धुरातच टांगतो. गॅस होता, तो पाहुण्यांच्या चहाला. गॅसवरची भाकरी मला गोड लागायची नाही. ती परत म्हणाली, परत म्हणाली, मग म्हणायची थांबली. दापोलीच्या डॉक्टरांनी विचारलं, "बाई विडी ओढतात काय?" म्हटलं, विडी मी ओढतो. "मग स्वयंपाक कशावर करतात?" मी औषधाची चिठ्ठी मागितली. ती माझ्याकडं बघत होती.

आपले वासे अजून शाबूत आहेत. एकालाही भोक नाही.

मी सुनंदाला म्हटलं, नवा तंदूर आण. ती म्हणाली, "बाबा, दोन महिन्यांत थंडी संपेल. चालेल हाच."

"नाही चालणार."

"तुम्ही आल्यापासून कधी काही मागितलं नाहीत, आणि आता हे?"

"हेच मागतोय."

दुकानात पाच-सहा मांडलेले. जावयाला हलका पत्र्याचा बरा वाटला, लवकर तापतो म्हणून. सुनंदाला काचेच्या दाराचा आवडला, आतला जाळ दिसतो. मी वाकून प्रत्येकाचं दार लावून बघितलं. मग आत कागद पेटवला, वर ओली पानं टाकली, नळीच्या भोकावर फडकं दाबलं आणि दार लावलं. पत्र्याच्या तंदुराला चारी बाजूंनी धूर सुटला. काचेच्यालाही खालून सुटला. दुकानदार ओरडत आला, "बाबाजी, दुकान जलाओगे क्या?" जावई त्याला समजावत राहिला. सुनंदाला कळलं होतं मी काय शोधतोय ते. शेवटी ओतीव लोखंडाचा, जाड दाराचा, दिसायला अगदी म्हशीसारखा, त्याच्यातून एक रेघ बाहेर आली नाही. तोच घेतला. चौघांनी उचलून आणला.

आता तिचा खोकला कमी आहे. एकदा पितळी घासता घासता म्हणाली, "आईला पण असाच पायजे होता." मी लाकूड सरकवत राहिलो.

घर कुठं, असं इथले लोक विचारतात. मी दापोली सांगतो, त्यांना काही समजत नाही. मलाही आता नीट सांगता येत नाही. इथली ऊब परक्याची वाटते, आणि तिथं चूल थंड पडलेली.

गणू, आमच्या गोठ्यातला उरलेला पत्रा घे. आधी शेवंताच्या चुलीवर नळकांडं बसव, पावसासाठी वर टोपी कर. वाशांना भुंगा लागला तर लागू दे. मग माझं कुलूप काढ आणि माझ्या घरातही बसव. तिथं आता कोणी रांधणार नाही, मला ठाऊक आहे. तरी बसव. तिनं चार कौलं सांगितली होती. मोजून चारच काढ.