दुरुस्त केलेला लॅपटॉप

माझ्या साखरपुड्याआधी मुलगा आणि त्याची आई आमच्याकडे चोपड्याला जेवायला आले. मुलगा पुण्यात आयटीत, म्हणजे आमच्या घरी देवच अवतरला.

माझा लॅपटॉप बैठकीत टेबलावर होता. विंडोजच्या जागी मी त्यावर बीएसडी ही दुसरी कार्यप्रणाली टाकलेली. वापरणारे थोडे, काळा पडदा, पांढरी अक्षरं, सगळं टाइप करून करायचं. माझं रोजचं प्रोग्रामिंग तिच्यावरच चाले. परदेशातल्या एका कंपनीचं चाचणीचं कामही त्यातच होतं. सोमवारी ते पाठवलं की नोकरी पक्की. पूर्ण होईस्तोवर नेटवर कुठंच चढवायचं नाही, ही त्यांची अट. म्हणून मी रोज पेनड्राइव्हवर नक्कल घ्यायची आणि तो आबांच्या कपाटात ठेवायची. बापावर भारी विश्वास माझा, काय करता!

मुलानं पडदा पाहिला आणि हसत सुटला. हे भंगार कोणी गळ्यात मारलं, म्हणे. मी तोंड उघडणार तोच माझ्या आईनं डोळे वटारून मला स्वयंपाकघरात पिटाळलं. बट्ट्या भाजल्या, तळल्या, वरणाला फोडणी दिली. ताटं वाढायला बाहेर आले, तर लॅपटॉपवर निळंशार विंडोज. महाशयांनी बीएसडी पुसून टाकली होती. विंडोज चढवायला त्यांना पेनड्राइव्ह हवा होता, तो आबांनी कपाटातून काढून दिला. तोही पुसला.

मी आबांकडे वळले.

"आबा, त्यात काय होतं ते तुम्हाला माहीत होतं ना?"

"पाव्हना बठेल शे, हळू बोल."

मुलगा बट्टी कुस्करत म्हणाला, आता कसं माणसांसारखं झालं, आभार तरी मान. मी सांगितलं, माझी नोकरी होती त्यात. त्यावर त्याची आई इतक्या प्रेमानं हसली की तिचा गळाच धरावासा वाटला मला.

"नोकरी कसली आता? लग्नानंतर तू घरीच राहणार, हे आबांनी बोलणी झाली तेव्हाच कबूल केलंय."

आबांनी ताटातून मान वर केली नाही. मी वरणाचं भांडं खाली ठेवलं आणि लग्न तिथंच मोडलं.

नोकरी गेली ती गेलीच. आबा आजही चारचौघांत सांगतात, पोरीनं एका डबड्यापायी सोन्यासारखं स्थळ घालवलं. मी त्यांना अडवत नाही. खरं काय झालं ते सांगितलं, तरी लोक त्यांचीच बाजू घेतील.