एकाची ओळ

"खालून वाच," म्हणत बाई स्टीलची फूटपट्टी माझ्यापुढे सरकवायच्या. समोर अर्थसंकल्पाच्या पुस्तकाचं कच्चं छापील पान असायचं. वरून वाचत गेलं की पुढे काय येणार ते मनच सांगू लागतं आणि चूक निसटते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून शेवटच्या ओळीखाली पट्टी धरायची आणि एकेक ओळ वर चढत जायचं. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मूळ कागदाशी ताडून बघायचं. हे काम एकट्याने करायचं नाही, हा त्यांचा नियम होता.

तुम्ही सरकारी कचेरीत खेटे घातले असतील तर अशी एखादी बाई नक्की पाहिली असेल. काठाची सुती साडी, टेबलाच्या कडेला ओला फडका, आणि समोरच्याला बस म्हणण्याआधी त्याच्या हातातला कागद बघणारे डोळे. वीज, खाणी, जंगलं, हवा, पाणी यांच्या खर्चाच्या मागण्या आमच्या टेबलांवरून छापायला जायच्या. बाई कक्ष अधिकारी होत्या, मी त्यांचा सहायक. नोकरीला नवा होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो.

त्या पुस्तकात आकडे हजारांत छापतात. एखाद्या वीजप्रकल्पापुढे लांबलचक आकडा, आणि मधेच एखाद्या योजनेपुढे नुसता एक. म्हणजे हजार रुपये. हजारात कुठली योजना चालते, असं मी पहिल्या वर्षी हसत विचारलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी समजावलं की ओळ पुस्तकात असली म्हणजे योजना कागदावर उभी असते, वर्षाच्या मध्यात पुरवणी मागणी करून तिला खरे पैसे देता येतात. ओळच गेली तर सगळं पहिल्यापासून, नवीन बाब म्हणून. "एक आहे ना? मग जीव आहे," त्या म्हणाल्या.

त्यांचा स्वतःचा जीव अशाच एका ओळीत अडकला होता. गिरणगावात हवेतली धूळ मोजणारी यंत्रं बसवायची योजना होती ती. सात वर्षं तिच्यापुढे एक छापला जात होता आणि सात वर्षं पुरवणीत तिची पाळी येत नव्हती.

जीव का अडकला होता ते मला कळलं त्यांच्या घरी. त्या रजेवर होत्या आणि एका फायलीवर सही हवी होती, म्हणून लालबागला गेलो. भर दुपारी चाळीतली सगळी दारं बंद, असं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मागे गिरणीच्या जागेवर टॉवर उठत होता आणि कुंपणाला लागून काँक्रीट कालवायचा प्लँट धडधडत होता. बाईंच्या खिडकीला पडद्यासारखी जुनी साडी टांगलेली, तीही ओली. बाई कुंडीतल्या तुळशीचं एकेक पान पुसत होत्या. फडका माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "सकाळीच पुसली होती." फडका करडा झाला होता.

घरात त्या आणि त्यांची धाकटी बहीण, दोघीच. बहिणीने चहा दिला आणि कागदांची एक पिशवी दाखवली. चाळीने प्लँटविरुद्ध केलेल्या तक्रारी आणि त्यांना आलेली उत्तरं. प्रत्येक उत्तर एकच, मोजमाप उपलब्ध नाही. यंत्र नाही तर मोजमाप नाही, आणि मोजमाप नाही तर धूळही नाही. बोलता बोलता बाईंना खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत आम्ही दोघं चहाच्या कपांकडे बघत बसलो.

आठव्या वर्षी, बाईंच्या हेलपाट्यांना कंटाळून असेल, पण पैसे सोडणाऱ्या वरच्या साहेबांनी कबूल केलं. यंदा पुरवणीत तरतूद देतो, ओळ तेवढी राहू दे. बाईंनी हे चाळीत सांगून टाकलं. हातात आल्याशिवाय बोलायचं नाही असा त्यांचा स्वभाव, पण तेवढं एकदा त्यांना राहवलं नाही.

छापायला जाण्याआधी पानं शेवटची तपासायची होती त्या दिवशी बाई छातीचा एक्स-रे काढायला गेल्या होत्या. जाताना पट्टी माझ्या टेबलावर ठेवून, कुणाला तरी सोबत घेऊन वाच असं बजावलं होतं. मी कुणाला घेतलं नाही. बंद झालेल्या योजनांची यादी आली होती, त्यांच्या ओळी खोडायच्या होत्या. एका पानावर हवेच्या दोन योजना एकाखाली एक होत्या, दोन्हींपुढे एक. त्यांतली वरची बंद झाली होती, खालची बाईंची. मी वरून वाचत आलो, लाल पेनाने दोन्ही खोडल्या आणि चहाला गेलो.

बाईंना एक्स-रे पाहूनच दाखल करून घेतलं. त्या परत कामावर आल्या तोवर पुस्तक सभागृहापुढे जाऊन आलं होतं. आमच्या मागण्यांवर चर्चेला वेळ उरला नाही, त्या तशाच मंजूर झाल्या. मग खर्चाला अंतिम मंजुरी देणारं विनियोजन विधेयकही झालं. एवढ्या मोठ्या पुस्तकात एकाची एक ओळ कमी झालीय, हे कुणाच्या लक्षात येणार?

बाईंनी आल्या आल्या पान उघडलं, खालून पट्टी धरली. पट्टी एका जागी थांबली.

"इथं एक होता," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "कोणाबरोबर वाचलंस?"

मी टेबलावरचं लाल पेन खणात सरकवलं. त्यांना कळलं.

वरून खुलासा मागितला गेला तेव्हा त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं की तपासणीत चूक आपल्याकडून झाली. मॅडम, मी सांगतो, असं मी म्हणालो खरा, पण अगदी हळू. "तुला अजून पंचवीस वर्षं काढायचीत. मला दोन," एवढंच त्या बोलल्या आणि कागद पाठवून दिला. त्या क्षणी मला हायसं वाटलं. त्याची लाज अजून जात नाही.

राहिलेली दोन वर्षं त्या तीच योजना नवीन बाब म्हणून पुढे रेटत राहिल्या. प्रत्येक टेबलाने शंका काढली, प्रत्येक शंकेला त्यांनी उत्तर दिलं, आणि निवृत्तीच्या दिवशी फाईल कुठल्याशा टेबलावर पडून होती. जाताना पट्टी मला देऊन गेल्या. येत जाईन म्हणालो आणि गेलो नाही. त्या गेल्याचं कळलं तेव्हाही कामाचं निमित्त सांगून मी स्मशानात जायचं टाळलं.

आता त्यांच्या खुर्चीवर मी बसतो. त्यांचीच फाईल पुढे रेटत राहिलो, आणि यंदा ती ओळ पुन्हा छापून आली. तिच्यापुढे एक. ते पान घेऊन मी लालबागला गेलो. टॉवर पुरा झाला होता, शेजारी दुसरा उठत होता. प्लँट तिथेच. खिडकीला तीच साडी, ओली.

बहिणीने पान हातात घेतलं, दूर धरून पाहिलं. एक म्हणजे किती, असं विचारलं. मी सांगितलं. हजारात मशीन येतं का? नाही येत, मी म्हणालो. मग ती सांगत बसली. मशीन येणार म्हणून चाळीत सांगून बसलेल्या ताईला लोकांनी शेवटपर्यंत बोल लावला. तुझ्यामुळे गेलं, म्हणायचे. ती मान हलवायची. हो, माझ्याच हातून झालं, असं बहिणीलाही सांगायची. सांगता सांगता बहीण भिंतीवरच्या फोटोची काच पुसत होती.

तेव्हा मी तिला खरं सांगितलं. लाल पेन, दोन ओळी, एकट्याने वाचणं, खुलासा, सगळं.

ती रडली नाही, रागावलीही नाही. फडका बादलीत पिळला. पाणी करडं झालं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ह्यां सगळां चाळीत सांगशील?"

मी हो म्हणालो आणि बाहेर आलो. व्हरांड्यात सगळी दारं बंद होती. जिना उतरून तळमजल्यावर गेलो, खालून सुरुवात करायची म्हणून. पहिल्या दाराच्या फटीत ओलं फडकं कोंबलेलं होतं. मी कडी वाजवली.