पदराआडचा आवाज

नलिनीमावशींशी बोलताना माणूस गोंधळून जायचा, कारण आपण बोलत असताना त्यांचे ओठ हलायचे. आपण म्हणावं, "मावशी, उद्या सकाळी मी..." आणि आपलं वाक्य त्यांच्या ओठांवर, आवाज न करता, आधीच पुढे गेलेलं असायचं. नव्या माणसाला वाटायचं बाई आपली नक्कल करतेय. मग वाटायचं, हिच्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे. दोन्ही खोटं. ती धंद्याची सवय होती. ती कशी लागली हे सांगितलं तर मावशी कळतील, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. मला स्वतःला त्या अजून पुऱ्या कळलेल्या नाहीत.

आमची भेट वडीगोद्रीच्या फाट्यावर झाली. हायवेच्या दोन्ही अंगांना हॉटेलं, टायरवाले, रसवंत्या, मोबाइलची दुकानं आणि बायकांसाठी एक मुतारी नाही. त्याविरुद्ध आमच्या संघटनेची सभा होती. सकाळी शहागडला ठोकलेलं भाषण मी दुपारी इथे ठोकत होते. "माझ्या माता-भगिनींनो, प्रशासनानं..." एवढं म्हटलं, शेजारून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला आणि पुढचं सगळं कोरं झालं. समोर लिंबाखाली बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं पदर तोंडाला लावला आणि पदरामागून शांत, स्वच्छ आवाज आला: "डोळ्यांवर पट्टी बांधली आहे." मी ते उचललं आणि भाषण धडाक्यात पूर्ण केलं. टाळ्याही मला मिळाल्या.

सभा संपल्यावर मी तिला गाठलं. "तुम्हाला कसं माहीत?"

"सकाळी शहागडला ऐकलं न्हाई का! पाव्हन्यांकडं गेल्ते. मंग तुमच्याच जीपमधे मागं बसून आले. तू पट्टीच्या आधी दम घेती. तिथं दम नको घेऊ, पोरी. तिथंच सुटतं."

एकदा ऐकून पाठ. मी लिहिलेलं भाषण, आणि ते मला येत नव्हतं, हिला येत होतं.

त्यांचं घरचं नाव ठकू. वडीगोद्रीजवळच्या एका वाडीवर जन्म, बापाची मेंढरं. त्या काळी जत्रेला गावातली पोरं नाटक बसवायची. हीरो, व्हिलन, बाप, फौजदार सगळे गावचे. फक्त नटी बाहेरून आणायची, कारण गावची पोरगी स्टेजवर चढली तर तिला नवरा मिळणार नाही. बाहेरच्या बाईच्या नवऱ्याची काळजी करायची गावाला गरज नव्हती! तर एका वर्षी ठरवलेली नटी आलीच नाही. शाळेच्या ओट्यावर महिनाभर तालीम चालली होती आणि ठकू तिथेच पलीकडे मेंढरं चारत होती.

"मी म्हन्लं, मी करते. सगळे हसले. मंग मी फौजदाराचं आख्खं भाषन म्हनून दाखवलं. फौजदारालाच येत नव्हतं ते. मंग कोन हसतंय?"

नाटक झालं आणि बापानं दार लावून घेतलं. ठकू जालन्याला आली, नवीन जालन्यात स्टेशनामागे खोली घेतली आणि पुढची तीसेक वर्षं गावोगावच्या हँडबिलांवर 'कुमारी नलिनी, जालना' म्हणून छापली गेली. पन्नाशी उलटली तरी कुमारी.

"मावशी, लग्न झालं होतं ना तुमचं?"

"झाल्तं की. मोडल्तं बी. हँडबिलवर कोन छापतं ते?"

काम असं असायचं. गावातली दोन-तीन पोरं खोलीवर येणार, नाटकाचं नाव आणि तारीख सांगणार. मावशी त्या दिवशी एसटीनं जाणार, दुपारी एक तालीम, की लगेच पडदा. हीरो म्हणजे कुणी ट्रॅक्टरवाला, कुणी पोस्टमन. महिनाभर घोकलेलं असायचं, पण समोर अख्खं गाव दिसलं की बोलती बंद. मग मावशी रडायला लागायच्या. पदर तोंडाला, हुंदका मोठा, आणि हुंदक्याच्या मधे हीरोचं वाक्य.

"लोकं म्हनायचे, नटी लई हळवी. हळवी कशाची! हीरो विसरला की मी रडायची. एका गावात तर पुरा अंक रडले. पाटलाच्या बायकोनं मला शेवटी पानी आनून दिलं, म्हनली, बाई, इतकं मनाला नका लावून घेऊ."

आणि हे सांगून झालं की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं: "समोरचा पडला की आपन बी पडतो. म्हनून त्याला धरायचं. बिलकुल सोडायचं न्हाई."

पुढे जत्रेत नाटकांच्या जागी ऑर्केस्ट्रा आले. मावशी एका मालिकेत दोनदा भाजीवाली झाल्या आणि लसीला नकार देणारी आजी म्हणून एका सरकारी फिल्ममधे दिसल्या. ("ती आजी मी बराबर केली. खरा डॉक्टर होता, तो बी घाबरला.") आणि मग, साठी ओलांडल्यावर, खरा सिनेमा. शहागडला गोदावरीच्या काठी शूटिंग, हीरोच्या आईचं काम, नऊ प्रसंग. शेवटच्या प्रसंगात मुलगा गाव सोडून निघतो आणि आई घाटावर उभी.

तो सिनेमा आम्ही दोघींनी त्यांच्या खोलीत माझ्या मोबाइलवर पाहिला. स्टीलचा डबा पालथा घालून त्यावर मोबाइल टेकवला होता. आई पडद्यावर आली, तोंड उघडलं आणि मी ताडकन उठले. चेहरा मावशींचा. आवाज दुसऱ्याच कुणाचा. गुळगुळीत, शहरातल्या बाईनं गावाकडचं बोलून दाखवावं तसा, कुठल्याच गावात न सापडणारा. घाटावर मावशींचे ओठ स्पष्ट म्हणताना दिसत होते, "जाय बाबा, माझ्यापायी थांबू नको." आणि ऐकू येत होतं, "अरे बाळा, माझ्यासाठी थांबू नकोस."

"मावशी! हा तुमचा आवाज नाही!"

"न्हाई ना. ते म्हन्ले, तुमचा टोन जरा येगळा हाये, लोकांला कळनार न्हाई."

"मराठवाड्यातल्या आईचं काम, मराठवाड्यात शूटिंग, आणि मराठवाड्याचा टोन चालत नाही? आणि तुम्हाला काहीच वाटत नाही?"

त्या मोबाइलकडे बघत होत्या. ओठ हलत होते. त्या दुसऱ्या बाईबरोबर, तिच्या शब्दांत. "बघ ना," त्या म्हणाल्या, "माझे ओठ येगळे पडून राह्यले, तरी तिनं कसं निभावून नेलं. कुठं सांडली न्हाई बाई. कोन आसंल गं ती? एकदा भेटलं पाहिजे तिला."

मी त्या आठवड्यात पत्रक काढलं. 'चेहरा आमचा, आवाज तुमचा? चालणार नाही!' त्यात मावशींचं निवेदन होतं: 'मला माझा आवाज परत पाहिजे.' आज खरं सांगते, ते वाक्य माझं होतं. मी विचारलं होतं, "मावशी, तुम्हाला तुमचा आवाज परत पाहिजे, हो ना?" आणि त्यांनी ते माझ्या मागून शब्दाला शब्द म्हटलं होतं. मी ते अवतरणचिन्हांत टाकलं. मावशींनी पत्रक हातात धरून, लांब नेऊन, जवळ आणून वाचलं. हँडबिलं बघून बघून त्यांची नजर तयार होती.

"'निषेध' बारीक टाक. माझं नाव मोठं टाक. आन् कुमारी लाव की."

"मावशी, हे नाटक नाही."

"मंग लोकं येतील कशापायी?"

महिनाभरानं त्या दिग्दर्शकाचा सत्कार जालन्यातल्या एका सभागृहात ठरला. प्रश्नोत्तरांत मी उठायचं, मावशींना उभं करायचं, आणि सगळ्या जालन्यासमोर त्यांनी घाटावरचं वाक्य आपल्या आवाजात म्हणायचं, असं आमचं ठरलं. एवढीच मागणी होती. पैसे नाहीत, माफी नाही. ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्यांना वाक्यं पुरवली तिचा आवाज एकदा, उघड, तिच्या नावानं लोकांनी ऐकावा. मावशींनी अबोली रंगाची साडी नेसली होती आणि जाताना रिक्षात तीनदा म्हणून पाहिलं: "जाय बाबा, माझ्यापायी थांबू नको." तिसऱ्यांदा रिक्षावाल्यानं ब्रेक मारून मागे पाहिलं.

मी उठले. चांगली कडक बोलले, एकदाही अडखळले नाही. पत्रकं वाटली होतीच. दिग्दर्शक तसा तरुणच. त्यानं माइक तोंडाशी नेला. "त्याचं असं आहे की... म्हणजे तांत्रिकदृष्ट्या..." आणि थांबला. पार कोरा झाला. मी मनात म्हटलं, आता सापडलास. शेजारी मावशींचे ओठ हलत होते. मग त्या उठल्या, पायऱ्या चढल्या, त्याच्या हातातून माइक घेतला, डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाल्या:

"अरे बाळा, माझ्यासाठी थांबू नकोस."

हुबेहूब. तीच गुळगुळीत पट्टी, तोच शहरी हेल, तोच शेवटी सोडलेला श्वास. सभागृह टाळ्यांनी फुटलं. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, हाच तर आवाज हाये!" माझ्या शेजारचे गृहस्थ पत्रकाची घडी करत म्हणाले, "मॅडम, छापायच्या आधी खात्री करायची असते." दिग्दर्शक मावशींच्या पाया पडला. फोटो निघाले. मी पत्रकांचा उरलेला गठ्ठा घेऊन बाहेर आले.

त्या मागोमाग आल्या. मी रस्त्यातच भांडले.

"का केलंत असं? ठरलं होतं ना आपलं?"

"त्याचं तोंड पाह्यलं न्हाई का तू? कोरं झाल्तं लेकरू."

"लेकरू? त्यानं तुमचा आवाज काढून टाकला, मावशी!"

"ते झालंच की. पन स्टेजवर मानूस पडून राह्यला आन् मी खाली बसून बघू?"

"आणि मी? मला खोटं पाडलंत सगळ्यांपुढे!"

यावर त्या खरोखर चकित झाल्या. "तू कुठं पडली? तुला तर सगळं पाठ होतं. मी बघत होते ना. एक शब्द चुकली न्हाई आज."

अन्याय झालेल्या माणसानं अन्याय करणाऱ्याला सावरलं तर आम्ही कार्यकर्त्यांनी कुठे उभं राहायचं, हे कुठल्या शिबिरात शिकवलेलं नाही. की दया नव्हतीच ती? त्या परक्या बाईचा आवाज आपल्याला तिच्याइतकाच काढता येतो, हे दाखवायची नटीची खुमखुमी होती? की आपला आवाज लोकांना आवडणार नाही, अशी भीती ऐनवेळी वाटली? मी विचारलं नाही. "चला, येते," एवढंच म्हटलं आणि त्यांना एकटीला रिक्षात बसवून दिलं. पुढे चार महिने मी स्टेशनकडे गेले नाही. त्यांचे फोन आले, मी कामात आहे म्हटलं. कामात होतेही. फाट्यावरची मुतारी मंजूर झाली होती, आणि ती पुरुषांची होती. ते निस्तरायचं होतं.

एके सकाळी त्यांच्या शेजारणीचा फोन आला. मावशी झोपेतच गेल्या होत्या.

शोकसभा गावकऱ्यांनी वडीगोद्रीला ठेवली. ज्या ओट्यावरची तालीम ऐकून ठकू नटी झाली, त्या शाळेच्या अंगणात. दुपारचं ऊन होतं. मला वाटलं वीस माणसं येतील. पण आजूबाजूच्या गावांमधून म्हातारे येत राहिले. टोप्या, काठ्या, कुणाला नातवानं मोटरसायकलवर आणलेलं. मला एकही ओळखीचा नव्हता. आयोजकांनी स्पीकर लावून सिनेमातला घाटाचा प्रसंग सुरू केला. "अरे बाळा, माझ्यासाठी..."

"बंद करा ते," पुढच्या ओळीतला एक म्हातारा काठी आपटून म्हणाला. "हा आवाज तिचा न्हाई."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो शहागडचा जुना पोस्टमन होता. तो उठला. "मी हीरो होतो," तो म्हणाला, आणि कुणी हसलं नाही. "दुसऱ्या अंकात माझं सगळं गेल्तं. तिनं पदराआडून दिलं. एक-एक वाक्य दिलं. पस्तीस वर्षं लोकं मला म्हनून राह्यले, काय काम केल्तं हो तुम्ही! मी कुनाला सांगितलं न्हाई. बायकोला बी न्हाई. पन त्यो आवाज माझ्या कानात हाये, आन् त्यो हा न्हाई."

मग दुसरा उठला. मग तिसरा, उठता येईना म्हणून बसूनच बोलला. प्रत्येकाला तिनं दिलेलं वाक्य पाठ होतं. ते वाक्य ते तिच्या हेलात म्हणत होते, पुरुषी, फाटक्या आवाजात. सत्काराआधी मी महिनाभर जालनाभर फिरून मावशींच्या आवाजाचा पुरावा शोधत होते. पुरावा इथे खेड्यापाड्यांत टोप्या घालून बसला होता आणि लाजून गप्प होता. कारण तिचा आवाज सांगायचा तर आपण विसरलो होतो हे सांगावं लागलं असतं.

ज्या गोष्टीसाठी मी पत्रकं छापली ती झाली होती. उघड, तिच्या नावानं. ती ऐकायला मावशी नव्हत्या, आणि मी ती घडवलीही नव्हती. मला आनंद व्हावा की संताप, ते ठरेना.

शेवटी मला बोलायला सांगितलं. मी उभी राहिले. कागद नव्हता. डोक्यात काही जुळेना, म्हणून मी तेच भाषण सुरू केलं, जे मावशींनी या गावच्या फाट्यावर माझ्यासाठी उचलून धरलं होतं. "माझ्या माता-भगिनींनो, प्रशासनानं..." आणि दम घेतला. त्याच जागी. समोर पहिल्या ओळीकडे पाहिलं.

पुढचा शब्द मला येत होता. तरी मी थांबले.